फुटला मोबाईल, अडली नोंद : डिस्प्ले घरी बदलावा का?

"साहेब, फोन फुटला. आता पीक पाहणी कशी करावी?" खरिपाच्या पिकांची नोंद करण्याचे दिवस आले की हा प्रश्न गावोगाव कानावर पडतो. पूर्वी बांधावर शेतकरी भेटला की बियाणे, खत, बोंडअळी आणि पाऊस एवढ्यावर बोलणे होत असे. आता त्यात मोबाईलच्या काचेची भर पडली आहे. कोणाचा फोन ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून पडलेला असतो, कोणाचा मोटारीच्या पेटीवर ठेवलेला घसरलेला असतो, तर कोणाचा विहिरीत डोकावताना वरच्या खिशातून निसटलेला असतो. "विहिरीत गेला नाही, काठावरच्या दगडावर आपटला, हेच नशीब म्हणायचं," असे सांगणारेही भेटतात.

फोन ही चैनीची वस्तू आहे असे आता कोणी म्हणू नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक नोंदविण्याचे काम शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर आले. आपल्या गटात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. पीएम किसानच्या ई-केवायसीचा ओटीपी फोनवर येतो. ठिबक, अवजारे यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे तर फोन लागतो. २०२५ पासून अ‍ॅग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांकही आला. पीक विम्यात २०२४ पर्यंतच्या हंगामांत स्थानिक आपत्तीने नुकसान झाले की ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागे. पुढे २०२५ च्या खरिपात राज्यात पीक कापणी प्रयोगावर भरपाई ठरविण्याची पद्धत आली. पण त्या ७२ तासांत फोन बंद पडल्याने धावाधाव झालेले शेतकरी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ सापडतील.

म्हणजे तिफण, पंप, मोटार यांच्या रांगेत आता फोनही येऊन बसला आहे. तिफण मोडली तर गावात सुतार आहे. मोटार जळाली तर तालुक्याला भरून मिळते. फोनची काच फुटली तर काय करावे, याची मात्र घरात नीट माहिती नसते. ती थोडक्यात द्यावी म्हणून हा लेख.

दोन शेजारी, दोन तऱ्हा

गेवराई तालुक्यातील एका गावात शेजारी राहणाऱ्या दोन शेतकऱ्यांचे फोन एकाच आठवड्यात फुटले. पीक पाहणीची मुदत चार दिवसांवर आली होती. पहिल्याच्या फोनवर दिसत होते, पण अर्ध्या भागात बोट चालत नव्हते. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने रात्री व्हिडिओ पाहिला आणि भाजी कापायची सुरी घेऊन फोन उघडायला बसला. सुरीचे टोक आतल्या पट्टीला लागले आणि ती कापली गेली. सकाळी फोन पूर्ण बंद. पिकाची नोंद पुढे सहायकामार्फत झाली, पण अतिवृष्टीत वाहून गेलेल्या कपाशीचे फोटो आणि अर्जांच्या पावत्या त्या फोनबरोबर गेल्या.

दुसऱ्याने आधी सिम काढले आणि पुतण्याच्या फोनमध्ये घातले. त्याच फोनवर शेतात जाऊन पीक पाहणी केली. मुदत उरकल्यावर, पुढच्या आठवड्यात, एका दुपारी मुलाने नवा डिस्प्ले आणून सावकाश बसविला. तो फोन आजही चालू आहे.

पहिल्याने काच वाचवायला जाऊन काम घालविले. दुसऱ्याने आधी काम वाचविले आणि मग काच बदलली. घरी दुरुस्ती करावी की नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

आधी काम वाचवा

फोन फुटल्यावर पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी की ओटीपी फोनवर येत नाही, सिमवर येतो. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घातले तरी ओटीपीचा संदेश मिळतो. ई-पीक पाहणीही दुसऱ्याच्या फोनवरून करता येते, कारण एका फोनवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करण्याची सोय आहे. शेतकरी स्तरावरील मुदत संपली तरी सहायकामार्फत नोंद करण्याचा टप्पा असतो. त्या त्या हंगामाच्या तारखा तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे विचारून घ्याव्यात. पीएम किसानची ई-केवायसी आधारच्या ठशावर सेवा केंद्रातही होते. त्यामुळे फोन फुटला म्हणून हातपाय गाळू नयेत.

दुसरी गोष्ट फोटो आणि कागदांची. फोनवर दिसते आहे पण बोट चालत नाही, अशी स्थिती असेल तर एक सोपा उपाय आहे. बाजारात ओटीजी नावाचा लहानसा जोड मिळतो, साधारण पन्नास-शंभर रुपयांना. तो फोनच्या चार्जिंगच्या तोंडात बसवायचा आणि त्याला संगणकाचा माऊस लावायचा. बहुतेक फोनवर लगेच बाण दिसू लागतो. त्या बाणाने लॉक उघडता येते, नंबर टाकता येतो, फोटो दुसरीकडे पाठविता येतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी आधी सेटिंगमध्ये चालू करावे लागते, म्हणून फोन धड असतानाच ही सोय एकदा पाहून ठेवावी.

फोन वाजतो पण काहीच दिसत नाही, असे असेल तर घरी फोटो काढून घेणे अवघड जाते. अशा वेळी दुकानदार तात्पुरता डिस्प्ले जोडून फोन चालू करू शकतो. महत्त्वाचे कागद आत असतील तर तेवढे काम आधी त्याच्याकडून आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे.

कधी कधी फुटलेल्या काचेवर कोणी हात न लावताच आपोआप दाबल्यासारखे होते. असा फोन लगेच बंद करावा. नाहीतर चुकीचा पिन पुन्हा पुन्हा दाबला जाऊन फोनच लॉक होतो, किंवा भलत्याच नंबरला फोन लागतो.

नेमके काय फुटले?

आपण "काच फुटली" म्हणतो, पण फोनच्या तोंडावर एकावर एक थर असतात. सर्वांत वर आपण दुकानातून चिकटवून घेतलेली टेम्पर्ड काच. तिच्या खाली फोनची स्वतःची काच. तिला लागून बोट ओळखणारा थर, त्याला टच म्हणतात. त्याच्या खाली चित्र दाखविणारा डिस्प्ले. हल्ली बहुतेक फोनमध्ये काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवून एकजीव केलेले असतात. दुकानात या जोडीला कॉम्बो किंवा फोल्डर म्हणतात.

म्हणून खर्च करण्याआधी परीक्षा करावी. आधी वरची टेम्पर्ड काच सावकाश काढून पाहावी. पुष्कळदा तडा तेवढ्याच काचेला असतो आणि शंभर-दीडशे रुपयांत काम भागते. खालची काचही तडकली असेल तर एखाद्या अ‍ॅपचे चिन्ह बोटाने दाबून धरावे आणि चारी कोपऱ्यांत फिरवावे. ते मध्येच सुटले तर त्या जागी टच गेला आहे. काळा डाग, शाईसारखा पसरणारा ठिपका, उभ्या-आडव्या रेघा दिसल्या तर डिस्प्ले गेला. काहीच दिसत नाही पण बाहेरून फोन केला की वाजतो, म्हणजे आतले बोर्ड जिवंत आहे. वाजतही नाही आणि चार्जिंगही घेत नाही, तर दोष बॅटरीत किंवा बोर्डात असू शकतो. अशा फोनला नवा डिस्प्ले घालणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर नवी मोटार बसविणे.

फक्त काच तडकली असेल आणि टच व चित्र दोन्ही ठीक असेल तर हे काम घरी करू नये. चिकटलेला थर उष्णतेने सोडवून, तारेने कापून, हवा न राहता पुन्हा चिकटवावा लागतो. त्यासाठी यंत्र लागते. शहरातील काही दुकानांत ही सोय असते आणि त्यात पैसे वाचतात. घरी करण्यासारखे काम एकच, ते म्हणजे पूर्ण कॉम्बो बदलणे.

कोणी करावे, कोणी करू नये

घरी डिस्प्ले बदलणे हे जादूचे काम नाही. आपल्याकडे मोटार खोलणारी, पंपाचे वायसर बदलणारी, मोटारसायकलचा कार्ब्युरेटर साफ करणारी मुले घरोघरी आहेत. हात स्थिर असेल, नजर चांगली असेल आणि घाई नसेल तर हे काम त्यांना जमते. तरीही काही वेळा सरळ नाही म्हणावे.

फोन हमीच्या मुदतीत असेल तर घरी उघडू नये, हमी जाण्याची शक्यता असते. फोन महागडा असेल, वळविलेल्या कडांचा किंवा घडीचा असेल तर हात लावू नये. घरात तो एकच फोन असेल आणि मुदतीचे काम बाकी असेल तर थांबावे. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे मागचे झाकण उचललेले दिसत असेल, तर मुळीच उघडू नये. आणि फोन पाण्यात पडून बंद झाला असेल तर चार्जिंगला न लावता थेट दुकानात न्यावा.

याउलट फोन तीन-चार वर्षांचा आहे, सगळे फोटो दुसरीकडे ठेवले आहेत, सिम दुसऱ्या फोनमध्ये आहे आणि "बिघडला तर बिघडला" असे म्हणण्याची तयारी आहे, तर करून पाहायला हरकत नाही. ज्याचे नुकसान आपण सोसू शकतो तेवढ्याच फोनवर हात शिकावा.

सुटा भाग घेताना

डिस्प्ले आणताना फोनचे नुसते नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या ४जी आणि ५जी फोनचे डिस्प्ले वेगळे असू शकतात. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' या ठिकाणी किंवा खोक्यावर मॉडेल क्रमांक असतो. तो कागदावर लिहून न्यावा. तुकडा जुळवून पाहू, असे करू नये.

डिस्प्ले दोन तऱ्हेने मिळतो, फ्रेमसहित आणि बिगरफ्रेम. फ्रेमसहित थोडा महाग पडतो, पण जुनी काच खरवडून काढण्याचा त्रास वाचतो. मात्र आतले सगळे सामान नव्या फ्रेममध्ये हलवावे लागते. नवशिक्याने हातातल्या फोनचा त्याच मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण पाहावा आणि मग कोणता घ्यायचा ते ठरवावे.

ओरिजिनल आणि कॉपी यांतही फरक आहे. साध्या एलसीडी फोनचा डिस्प्ले साधारण हजार ते अडीच हजारांत मिळतो. ओएलईडी फोनचा त्याहून बराच महाग असतो, म्हणून त्याच्या जागी एलसीडीची स्वस्त कॉपी खपविली जाते. तिच्यात काचेखालचा बोटाचा ठसा चालत नाही आणि उजेड कमी पडतो. घरात ते जाणवत नाही, पण भर उन्हात रानात उभे राहून पिकाचा फोटो काढताना काहीच दिसत नाही. शेतकऱ्याने डिस्प्ले घेताना दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहावा. पावती घ्यावी. वरची पारदर्शक फिल्म सोलली किंवा गोंद लागला की बहुधा दुकानदार परत घेत नाही, हेही लक्षात ठेवावे.

हत्यारे आणि जागा

बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच, बारीक चिमटा, प्लास्टिकचा ओपनर किंवा जुने प्लास्टिक कार्ड, टी-७००० नावाचा गोंद, चार-सहा रबर बँड आणि मऊ कापड एवढ्यावर काम होते. झाकणाचा गोंद सैल करायला ऊब लागते. हेअर ड्रायर असेल तर उत्तम. नसेल तर लेकराला शेकायला करतो तशी मिठाची गरम पुरचुंडी कडेने फिरवावी. हाताला सोसेल त्याहून थोडी जास्त ऊब पुरते. फोन गॅसवर, तव्यावर किंवा चुलीजवळ धरू नये.

जागा कोणती, हे आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचे आहे. वेचणी झाल्यावर पुष्कळांच्या घरात कापसाचा ढीग असतो. ज्या खोलीत कापूस, कडबा, डिझेल किंवा फवारणीची औषधे आहेत तिथे हे काम करू नये. ओट्यावर किंवा अंगणात, दिवसाउजेडी, पांढऱ्या कापडावर करावे. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवावी. लहान मुले दूर ठेवावीत. डोळ्यांना चष्मा असावा, कारण काचेचे कण उडतात. फुटलेल्या काचेवर आधी चिकटपट्टी मारून घ्यावी.

प्रत्यक्ष काम

फोनची बॅटरी पाव भागाच्या खाली येऊ द्यावी आणि फोन पूर्ण बंद करावा. सिमचा ट्रे आधी बाहेर काढावा. तो आत राहिला तर उघडताना मोडतो. मग मागच्या झाकणाच्या कडा शेकून प्लास्टिकचे कार्ड आत सरकवावे आणि कडेने फिरवावे. लोखंडी सुरी किंवा पाते वापरू नये. ज्या फोनला बाजूच्या बटणावर ठसा असतो त्याची पट्टी तिथेच असते, म्हणून त्या बाजूला कार्ड खोल घालू नये.

झाकण निघाले की स्क्रू दिसतात. इथे माझाच अनुभव सांगतो. पहिल्यांदा मी जुन्या फोनचा डिस्प्ले घरी बदलला तेव्हा सगळे स्क्रू एका बशीत काढून ठेवले. परत लावताना लांब स्क्रू आखूड भोकात गेला, त्याचे टोक आतून नव्या डिस्प्लेला टेकले आणि मधोमध काळा ठिपका उमटला. दीड हजार रुपये पाण्यात गेले. तेव्हापासून कागदावर फोनचा आकार काढतो आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवतो. दर टप्प्याला दुसऱ्या फोनने एक फोटो काढून ठेवला तर आणखी चांगले.

स्क्रू काढल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडपट्टी प्लास्टिकच्या टोकाने उचलून सोडवावी. मोटारीवर काम करण्याआधी फ्यूज काढतो, तसेच हे. त्यानंतर डिस्प्लेची पट्टी सोडवावी. या पट्ट्या सरळ वर उचलायच्या असतात, ओढायच्या नसतात.

आता नवा डिस्प्ले चिकटविण्याआधी तो नुसता जोडून पाहावा. पट्टी लावावी, बॅटरी जोडावी, फोन चालू करावा. चित्र, उजेड आणि चारी कोपऱ्यांतला टच तपासावा. हा टप्पा गाळला आणि भाग सदोष निघाला तर परत देण्याची वाट बंद होते. तपासून झाल्यावर फोन बंद करून बॅटरी पुन्हा सोडवावी.

बिगरफ्रेम डिस्प्ले असेल तर पुढच्या कडा शेकून जुना डिस्प्ले काढावा. फ्रेममधला जुना गोंद आणि काचेचा प्रत्येक कण साफ करावा. एक बारीक कण राहिला तरी नवी काच त्यावर टेकून तडकते. कानाजवळची जाळी जुन्या डिस्प्लेबरोबर निघून आली असेल तर ती परत बसवावी. मग कडेने गोंदाची बारीक रेघ ओढावी, डिस्प्ले बसवावा आणि रबर बँड लावून रात्रभर ठेवावा. दाबण्यासाठी वर वजन ठेवू नये.

एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी. एकदा उघडलेला फोन पूर्वीसारखा पाणी अडवत नाही. फवारणी करताना आणि पावसात तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

बॅटरीशी घाई नको

बऱ्याच फोनमध्ये डिस्प्लेची पट्टी बॅटरीच्या खालून जाते. म्हणजे बॅटरी उचलल्याशिवाय डिस्प्ले बदलता येत नाही. हा या कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. ही बॅटरी लिथियमची असते. तिला टोक लागले, ती वाकली किंवा चेपली तर आतले दोन थर एकमेकांना भिडतात आणि पेट घेतात. धूरही विषारी असतो. काही बॅटऱ्यांना ओढायची पट्टी दिलेली असते, तिने बॅटरी सहज निघते. तशी पट्टी नसेल आणि बॅटरी घट्ट चिकटलेली असेल तर इथेच थांबावे, झाकण लावावे आणि फोन दुकानात न्यावा. अर्ध्यावर थांबण्यात कमीपणा नाही.

काढलेली फुगकी बॅटरी आणि काचेचे तुकडे उकिरड्यावर टाकू नयेत. उकिरड्याचे खत शेतातच जाते, आणि मग तीच काच अनवाणी पायात किंवा बैलाच्या खुरात रुतते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून जुन्या वस्तूंची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुनी बॅटरी डब्यात वेगळी ठेवून कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

दुकानात देताना

दुकानात दिला म्हणजे काळजी संपली असे नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. बँकेच्या अ‍ॅपचा पिन कोणालाही सांगू नये. टच तपासायला लॉक उघडून द्यावे लागले तर समोर उभे राहावे. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवावा. फोन हरवला तर केंद्राच्या संचार साथी या सेवेवर, जी मे २०२३ मध्ये सुरू झाली, याच क्रमांकावरून तो बंद करता येतो. कोणता भाग घातला आणि किती दिवसांची हमी, हे पावतीवर लिहून घ्यावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर जाण्याआधीच एक काम करावे. पुष्कळ घरांत आधारला आणि बँकेला जोडलेला नंबर मुलाच्या खिशात कारखान्यावर असतो आणि जमीन सांभाळणारे आईवडील गावात असतात. तिकडे फोन फुटला की इकडचे काम अडते. आईवडिलांचा नंबर त्यांच्याच आधारला जोडून घ्यावा. ओटीपी घरच्या माणसाशिवाय कोणालाही सांगू नये. पैसे गेल्यास लगेच १९३० वर कळवावे.

दुरुस्तीचा हक्क

वस्तू विकत घेणाऱ्याला ती दुरुस्त करता आली पाहिजे, हा विचार आता सरकारी पातळीवर आला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने यासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रे धरली : शेती अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. ट्रॅक्टर आणि मोबाईल एकाच यादीत आले, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू झाले. कोणता फोन दुरुस्तीला किती सोपा, हे ग्राहकाला कळावे म्हणून निर्देशांक ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. युरोपात २० जून २०२५ पासून फोनचे सुटे भाग विक्री बंद झाल्यावरही सात वर्षे पुरविण्याचे बंधन कंपन्यांवर आले. आपल्याकडे तसे होईल तेव्हा होईल. तोवर फोन घेतानाच विचारावे, "याचा डिस्प्ले बीडला, माजलगावला, अंबाजोगाईला मिळतो का, आणि कितीला?" दोनशे रुपये स्वस्त फोन घेतला आणि भागच मिळत नाही, तर तो स्वस्त कसला?

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामपंचायत, सोसायटी आणि बचत गटांनी मनावर घेतले तर काही साध्या सोयी होऊ शकतात. पीक पाहणीच्या काळात ग्रामपंचायतीत एक ओटीजी जोड आणि एक माऊस ठेवावा. दीड-दोनशे रुपयांत गावाची सोय होते. सहायकाचे नाव व नंबर आणि हंगामाच्या तारखा फलकावर लिहाव्यात. ज्यांचे फोन फुटलेले आहेत अशा म्हाताऱ्या व एकट्या खातेदारांची नोंद गावातल्या दोन तरुणांनी आधी करून द्यावी. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत मोबाईल दुरुस्तीचाही समावेश आहे. गावातील एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला तिकडे पाठविले तर काचेसाठी तालुक्याला हेलपाटा मारायची वेळ येणार नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनी निदान तीन गोष्टी आजच कराव्यात. फोनला कव्हर आणि टेम्पर्ड काच लावावी. मॉडेल क्रमांक, आयएमईआय आणि अर्जांचे क्रमांक सातबाऱ्याच्या पिशवीतल्या वहीत लिहावेत. पिकाचे आणि नुकसानीचे फोटो घरातल्या दुसऱ्या फोनवरही पाठवून ठेवावेत. मग काच फुटली तरी हजार-दोन हजारांचे नुकसान होईल, हंगामाचे होणार नाही. आणि नोंद सुरक्षित झाल्यावर एखाद्या मोकळ्या दुपारी घरातल्या पोराने ओट्यावर पांढरे कापड अंथरले, तर त्याला खुशाल बसू द्यावे. फक्त सुरी तेवढी स्वयंपाकघरातच राहू द्यावी.